माझ्या खात्यावरचा सर्वात गाजलेला फोटो

ही फजिती मी स्वतःच सांगून टाकतो. कारण माझी बायको सांगते तेव्हा तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच मूर्ख दिसतो. आणि तिच्या मैत्रिणीचा नवरा सांगतो तेव्हा तर ऐकणाऱ्यांना प्रश्न पडतो की हा माणूस अजून मोकळा कसा फिरतो. तेव्हा चहा घ्या, खारी घ्या, आणि अस्सल प्रत ऐका.

आमच्या घरात फोटोग्राफर मी. हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं माझं दुःख तुम्हाला कळायचं नाही. संगमेश्वराकडच्या आमच्या सगळ्या भावकीत पहिला कॅमेरा घेतला तो मी, नोकरी लागल्या लागल्या. रोल घालायचा तो कॅमेरा. तेव्हापासून बारसं असो, मुंज असो, लग्न असो, गळ्यात पट्टा अडकवून मी पुढे. अंतरपाटाच्या वेळी तर भटजींच्याही पुढे. एका लग्नात रोल घालायचाच राहिला होता, हे खरं आहे. पण ते लग्नही पुढे फार टिकलं नाही, त्यामुळे तक्रार कुणी केली नाही.

माझी बायको शैला. विरारच्या एका शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त. उभ्या संसारात तिने माझ्या कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. 'सरळ उभी राहा, डोळे मिटू नकोस, पदर नीट कर' हे मी म्हणायचं आणि तिने ऐकायचं, अशी आमची वाटणी होती. घरात एवढ्या एकाच बाबतीत ती माझं ऐकायची, हेही लक्षात असू द्या.

मग आमची मुलगी मेघना पुण्याहून चार दिवस राहायला आली. आल्या आल्या आईच्या हातात नवा फोन ठेवला आणि जाता जाता एका वेबसाईटवर तिचं खातं उघडून दिलं. तिथे आपण आपले फोटो टाकायचे. कुठले कुठले लोक ते बघतात, आवडला तर खाली बदामाचं चित्र उमटवतात, वाटलं तर दोन शब्द लिहितात. मेघनाने मलाही विचारलं होतं, बाबा, तुमचंही उघडू का? मी म्हटलं, असल्या पोरखेळात मला रस नाही.

हे वाक्य पुढे मला किती महागात पडलं, ते कळेलच.

शैलाने पहिला फोटो टाकला तो गोधड्यांचा. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. तिथे कुणीतरी गोधड्या वाळत टाकल्या होत्या. बस, एवढंच. ती खिडकी मी रोज बघतो. त्या गोधड्याही मी बघितल्या होत्या. त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा?

दुसऱ्या दिवशी जेवताना ती फोन हातात घेऊन वाचायला लागली. नागपूरच्या कुणी बाई लिहीत होत्या की ही गोधडी बघून त्यांना त्यांची आई आठवली. कोल्हापूरच्या एका गृहस्थांना त्या रंगांत दिवाळी दिसली. आणि परदेशातल्या कुणीतरी नुसतंच हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

मी म्हटलं, आमटीत मीठ कमी आहे.

हेवा हा प्रकार पित्तासारखा असतो बघा. जेवण चांगलं झालं की वर येतो. मी तिला समजावून सांगितलं की प्रकाश चुकीच्या बाजूने आहे, कठडा तिरका आलाय आणि उजवीकडची गोधडी अर्धी कापली गेली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, "हो का? बघते हं," म्हणाली आणि पुढचा फोटोही तसाच तिरका काढला. त्याला आधीच्याहून जास्त बदाम.

मग ते घराबाहेर पसरलं. आमच्या सोसायटीच्या गणपतीचे फोटो दरवर्षी मी काढतो. यंदा सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. वहिनींच्या फोटोंचं तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाले, "यंदा फोटोंचं वहिनींनाच सांगू म्हणतोय. तुम्ही प्रसादाकडे बघा."

प्रसादाकडे बघा.

बाजारात सांडोरहून भाजी घेऊन एक मावशी येतात. मी गेलो की त्या माझ्या मागे बघायच्या. "बाय कुठं हाय? माझा फोटो दाखवनार होती ना," असं विचारायच्या, आणि ती आलेली नाही म्हटल्यावर तिच्यासाठी म्हणून कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकायच्या. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून भाजी घेतोय, मला कधी एक काडी वर मिळाली नव्हती. ती कोथिंबीर घातलेली भाजी मला गोड लागेना.

शेवटी एका दुपारी, शैलाचा डोळा लागलाय असं बघून, मी स्वतःच खातं उघडायला बसलो. तिला विचारणं शक्यच नव्हतं. मेघनाला विचारावं, तर ते पोरखेळाचं वाक्य आडवं येत होतं.

पहिली अडचण नावाची. माझं नाव मनोहर. वेबसाईट म्हणे, या नावाचा माणूस आधीच आहे. बरं, मग 'छायाचित्रकार' टाकलं. तोही आहे. 'महाछायाचित्रकार' टाकलं. तोही निघाला. चिडून मी 'छायामहर्षी' असं टाकलं आणि काय आश्चर्य, ते चटकन मिळालं. जगात इतक्या कोटी लोकांमध्ये हे नाव रिकामं का राहिलं असेल, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

मग पासवर्ड. बायकोचं नाव टाकलं, तर यंत्र म्हणालं, कमकुवत. म्हटलं, तू एकदा भेट तिला.

मग ते विचारायला लागलं, कोणते फोटो टाकायचे? स्क्रीनभर बारीक बारीक चौकोन आले. माझ्या फोनमध्ये इतके फोटो असतील याची मला कल्पना नव्हती. एकेक निवडायला गेलो, तर अंगठा घसरायचा आणि भलताच निवडला जायचा. खाली एक बटण होतं, 'सगळे निवडा'. मी विचार केला, आपलं काम सगळं एकाच दर्जाचं आहे, त्यात निवड काय करायची? दाबलं. संध्याकाळपर्यंत एक चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि मी चहा घ्यायलासुद्धा उठलो नाही.

सगळे म्हणजे खरोखर सगळे गेले. अर्नाळ्याच्या समुद्रावरचे माझे सूर्यास्त गेले आणि त्यांच्या पाठोपाठ विजेचं बिलही गेलं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी गेली. प्लंबरला दाखवायला काढलेली गळकी तोटी गेली. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे गेला.

दोन दिवसांनी बघतो तर सूर्यास्तांकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. गुडघ्याला मात्र बदाम आले होते. अमरावतीच्या एका सद्गृहस्थांनी एरंडेल चोळायला सांगितलं होतं, आणि खाली दुसऱ्या कुणीतरी एरंडेलाला कडाडून विरोध केला होता. माझ्या खात्यावर चर्चा अशी ती एवढीच.

त्या आठवड्यात शैलाने भाजीवाल्या मावशींच्या हातांचा फोटो टाकला. काय सांगू, लोक नुसते तुटून पडले. मी गुडघा चोळत बसलो.

आणि मग एका सकाळी माझं खातं उघडलं, तर बदामांचा पाऊस.

कशाला, म्हणून बघितलं. एक फोटो होता. कोवळ्या उन्हातलं एक बावखल. वसईकडच्या गावांत वाडीच्या कडेला लहानसं तळं असतं, त्याला बावखल म्हणतात. मागे केळीची गर्द पानं. आणि काठावरच्या दगडावर, आपल्याकडे पाठ करून बसलेला एक म्हातारा. अंगात बनियन, कमरेला चौकड्यांची लुंगी, खांदे पडलेले, डोक्यावर मागून गोल टक्कल, आणि हातात एकच चप्पल.

खरं सांगतो, फोटो चांगला होता. मुख्य म्हणजे तो माझ्या खात्यावर होता.

हा फोटो मी कधी काढला, हे मला काही केल्या आठवेना. पण मी मनाशी म्हटलं, आपण या भागात एवढे हिंडलो, काढला असेल. मोठ्या कलावंतांना आपली प्रत्येक कृती थोडीच आठवते? माझ्या फोनमध्ये आहे, म्हणजे मीच काढला. दुसरं कोण काढणार?

लोकांनी काय काय लिहिलं होतं. एकाला त्या पाठीत सगळं आयुष्य दिसलं होतं. एका बाईंना रडू आलं होतं. कुणीतरी विचारलं, या चित्राला नाव नाही का? मी थोडा विचार केला आणि नाव दिलं, 'वैराग्य'. त्याबरोबर आणखी बदाम आले. गोधड्या मागे पडल्या. भाजीवाल्या मावशींचे हातही मागे पडले.

मी घरात गुणगुणायला लागलो. शैलाने विचारलं, गुडघा बरा आहे का?

तिला मी एवढ्यात सांगणार नव्हतो. एकदम, चारचौघांत, दणक्यात कळावं अशी माझी इच्छा होती. आणि तशी संधी चालत आली. वसईत हौशी फोटो काढणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. त्यांनी खात्यावर निरोप पाठवला की आमच्या प्रदर्शनात तुमचं 'वैराग्य' मोठं करून लावायचं आहे, आणि त्या दिवशी आपण येऊन चार शब्द बोलावेत.

मी शैलाला एवढंच सांगितलं की रविवारी सकाळी वसईला एका कार्यक्रमाला जायचंय, जरा बरी साडी नेस. तिने फार विचारलं नाही. तिच्या शाळेतल्या जुन्या मैत्रीण फिलोमिनाबाई गिरीजला राहतात, वसईपासून जवळच. त्यांची केळी-नारळाची वाडी आहे. शैलाने त्यांनाही बोलावून घेतलं, म्हणाली, तेवढीच भेट होईल. मला बरंच वाटलं. साक्षीदार जितके जास्त तितकं चांगलं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आम्ही आत शिरलो आणि समोरच, सगळ्यात मोठा, माझा फोटो. खाली पाटी, 'वैराग्य', आणि त्याखाली 'छायामहर्षी'. मी जरा बाजूला सरून शैलाकडे बघत राहिलो. या क्षणासाठी मी किती कोथिंबीर गिळली होती.

ती फोटोसमोर जाऊन थांबली. आधी फोटोकडे बघितलं, मग पाटीकडे, मग माझ्याकडे. मग परत फोटोकडे. तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला. तिने लगबगीने येऊन माझी बाही धरली.

"अहो, आधी माझं ऐका. हा फोटो..."

मी तिच्या हातावर हात ठेवला. इतके दिवस मला जे होत होतं ते आता तिला होतंय, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हटलं, "घरी गेल्यावर बोलू. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझेही दिवस येतील."

तिने माझी बाही सोडली. मग "बरं," म्हणाली आणि पहिल्या रांगेत फिलोमिनाबाईंच्या शेजारी जाऊन हाताची घडी घालून बसली. ज्यांचं लग्न झालंय त्यांना हे 'बरं' माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी मी छायामहर्षी होतो.

मंडळाचे अध्यक्ष नाईकसर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. फार हळवा माणूस. त्यांनी माझी ओळख करून दिली आणि मी माईक हातात घेतला.

आता बोलायचं काय? फोटो काढल्याचं तर आठवत नव्हतं. पण एकदा लोक आपल्याकडे टक लावून बघायला लागले ना, की आठवायची गरज राहत नाही. मी सांगितलं की त्या पहाटे मी एकटाच बाहेर पडलो. केळीच्या पानांआड दबा धरून बसलो. डास चावत होते, पण हललो नाही. कारण समोर हा माणूस होता. मी म्हटलं, बघा ते खांदे. या माणसाने सगळ्या इच्छा खाली ठेवल्या आहेत. आता त्याला ना कुणाचा राग, ना कुणाचा लोभ, ना कुणाचा हेवा. ते टक्कल बघा, जणू उन्हात चमकणारं रिकामं भांडं. आणि ती एक चप्पल. दुसरी कुठे आहे? मित्रहो, दुसरी त्याने सोडून दिली आहे. निम्मा संसार सुटला, निम्मा हातात आहे.

लोक माना डोलवत होते. फिलोमिनाबाईंनी तोंडाला रुमाल लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

नाईकसरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "हे आजोबा आता कसे आहेत?"

इथे मला थांबता आलं असतं. ठाऊक नाही, एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. पण गाडी उताराला लागली होती.

"गेले," मी म्हणालो. "हा त्यांचा शेवटचाच फोटो."

नाईकसरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले की मंडळी, आपण सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहू या.

सगळा हॉल उभा राहिला. शैला उभी राहिली. माईक हातात धरून, मान खाली घालून मीही उभा राहिलो. एवढंच कशाला, माझे डोळेसुद्धा जरा ओले झाले होते. त्या अनोळखी म्हाताऱ्याबद्दल मला खरंच वाईट वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. फिलोमिनाबाईंचे यजमान इनासभाऊ स्कूटर लावायला जागा शोधत बाहेर राहिले होते, ते आत्ता आत आले. सगळे उभे का आहेत हे त्यांना कळेना. बहुतेक राष्ट्रगीत झालं असेल असं समजून ते सरळ चालत पुढे आले, फोटोसमोर थांबले, वाकून जवळून बघितलं. आणि त्या पिनड्रॉप शांततेत, वाडीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारायच्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"फिलोमिना, ही माझी लुंगी."

फिलोमिनाबाईंनी रुमाल काढला. "लुंगी तुमची," त्या म्हणाल्या, "आत मनोहरभाऊजी आहेत."

सगळ्या हॉलने आधी फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे. नाईकसर तर फार सभ्य माणूस. ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जरा पाठ करता का?"

मी पाठ केली. हॉलमधून जो आवाज आला तो मी अजून विसरलेलो नाही.

माझ्या डोक्याला मागून एवढं मोठं टक्कल आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आरशात पुढचं दिसतं हो. मागचं कोण बघतं? खांदे असे पडलेत हेही मला माहीत नव्हतं. आणि स्वतःच्या श्रद्धांजलीला स्वतःच मान खाली घालून उभा राहिलेला, वर डोळे पुसणारा माणूस वसई तालुक्यात तरी दुसरा नसावा.

आता ती लुंगीची गोष्ट सांगावीच लागेल. मला सांगायची नव्हती. खरं तर ती सकाळ मी मनातून इतकी पुसून टाकली होती, की फोटोत लुंगी आणि चप्पल बघूनही ती आठवली नाही.

या प्रदर्शनाच्या आधीच्या थंडीत फिलोमिनाबाईंनी आम्हाला गिरीजला राहायला बोलावलं होतं. तेव्हा त्या गोधड्या नुकत्याच गाजल्या होत्या. सकाळी न्याहारीला बसल्यापासून त्या नवराबायकोंचं एकच चाललं होतं, शैला, काय फोटो काढतेस ग. इनासभाऊंनी तर वाडीतल्या एकेका केळीसमोर तिला उभं करून विचारलं की हिचा फोटो कसा येईल. मला कुणी विचारलं नाही. मी तिरीमिरीत उठलो, म्हटलं, आता असा फोटो काढतो की गोधड्या विसराल. एक उंच माड बघितला. तो पुरता चौकटीत मावेना, म्हणून फोन डोळ्यासमोर धरून मी एकेक पाऊल मागे मागे सरकत गेलो, आणि केळीला पाणी सोडायच्या पाटात आडवा झालो.

सगळे कपडे चिखलाने भरले. एक चप्पल चिखलात रुतली ती सापडलीच नाही. इनासभाऊंनी आपली लुंगी आणि बनियन दिलं. आत तिघंही हसत होती, म्हणजे निदान मला तसं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आत जाणार नाही. आणि उरलेली चप्पल हातात घेऊन बावखलाच्या काठी, दगडावर, सगळ्या जगाकडे पाठ करून बसलो.

ते माझं वैराग्य. फुरंगटून बसलो होतो. बायकोचा हेवा वाटून.

आणि तो फोटो माझ्या फोनमध्ये आला कसा? तेही नंतर मेघनाने फोनवर समजावून दिलं. फोन हरवले तर फोटो जायला नकोत म्हणून तिने आमच्या दोघांच्या फोनचे फोटो एकाच ठिकाणी साठतील अशी सोय करून ठेवली होती. तिने तेव्हा मला ते सांगितलंही होतं म्हणे. मी बहुधा तेव्हाही पोरखेळात रस नाही असंच म्हणालो असणार. म्हणजे त्या दुपारी 'सगळे निवडा' दाबून मी माझ्याबरोबर बायकोचे फोटोही जगाला वाटून टाकले होते, माझे म्हणून.

हॉलमध्ये तोवर थोडं स्थिरस्थावर झालं होतं. नाईकसरांनी विचारलं, मग हा फोटो काढला कुणी? शैला उभी राहिली. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार, आणि तसा तिला पूर्ण हक्क होता. सगळ्यांनी तिला बोलायचा आग्रह केला. तिने माईक घेतला नाही. बसल्या जागी उभी राहूनच बोलली. वर्गात बोलायची ना, तशी.

"मी यांच्यासाठी चहा घेऊन गेले होते," ती म्हणाली. "हे रुसून बसले होते. हसू येण्यासारखंच होतं ते, पण मला आलं नाही. आमच्या घरात फोटोंचे एवढे अल्बम आहेत. सगळ्यांचे फोटो यांनी काढले, म्हणून यांचा स्वतःचा त्यात एकही नाही. म्हणून मी काढला. समोरून काढू दिला नसता."

मग कुणी हसलं नाही.

मला एकदम माईक फार जड वाटायला लागला. मी तो नाईकसरांच्या हातात दिला आणि जाऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. फिलोमिनाबाईंनी सरकून जागा करून दिली. थोड्या वेळाने शैलाने पर्समधून एक पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. ती वर्गात रडणाऱ्या मुलांना अशीच गोळी द्यायची, हे मला तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं होतं.

नाईकसरांनी पाटी बदलायला लावली. 'वैराग्य' काढून तिथे 'रुसवा' लिहिलं आणि खाली शैलाचं नाव. इनासभाऊंनी, लुंगीचंही नाव कुठेतरी यावं, असा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही. पण ते येणाऱ्या प्रत्येकाला फोटोसमोर उभं करून सांगत होते, आणि त्यांच्या सांगण्यात मी पाटात नाही, बावखलातच पडलो होतो, आणि त्यांनी मला बांबू टाकून वर काढलं होतं.

छायामहर्षी त्याच दिवशी मावळले. खातं बंद करायलाही मेघनाचीच मदत घ्यावी लागली. गुडघ्याखालची एरंडेलाची चर्चा तेव्हाही चालूच होती.

शैलाने 'रुसवा' तिच्या खात्यावर रीतसर टाकला. आणि मंडळी, मला त्याचा हेवा वाटला नाही. शप्पथ. उलट छान वाटलं. कारण लोक विचारायला लागले, हे काका कोण? विरारमध्ये मला पाठीमागून हाका यायला लागल्या. समोरून कुणी ओळखायचं नाही, पण मी पुढे गेलो की मागून, "अहो, तुम्ही ते रुसव्यातले ना?" सेक्रेटरींनीसुद्धा प्रसाद वाटताना माझा मागून एक फोटो काढला.

मीही मग थोडं मनावर घेतलं. कुठे गेलो की सहज शैलाकडे पाठ करून उभा राहायचो. अर्नाळ्याला समुद्राकडे बघत. बाजारात भोपळ्यांकडे बघत. खांदे जरा पाडायचे, मान किंचित डावीकडे. म्हणायचो, तुला काढायचा असेल तर काढ बापडी, माझं काही नाही. ती काढायचीसुद्धा, मन मोडायला नको म्हणून. बदाम बेताचेच पडायचे. पण 'रुसवा' पहिल्या नंबरावर होता, तोवर मला काळजी नव्हती.

गेल्या आठवड्यात ती फिलोमिनाबाईंकडे गेली होती. परत येताना वाटेत तिला एका डबक्यात बसलेली म्हैस दिसली. पाठमोरी. तिने फोटो काढला आणि घरी येऊन टाकला.

दोन दिवसांत 'रुसवा' मागे पडला. नुसता पडला नाही, पार खाली गेला. नागपूरच्या त्या बाई, ज्यांना गोधडी बघून आई आठवली होती, त्यांनी लिहिलं आहे की काकांचा फोटो छान होता, पण या पाठीत जी शांती आहे ती वेगळीच.

मी फोटो तीनतीनदा मोठा करून बघितला. प्रकाश चुकीच्या बाजूने आहे. डबक्याची कड तिरकी आली आहे. आणि म्हैस काही विशेष करतेय असंही नाही, नुसती बसली आहे.

काल चहा घेताना मी शैलाला अगदी सहज विचारलं, ती म्हैस नेमकी कुठे बसते ग? तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "का हो?"

म्हटलं, काही नाही. एकदा जाऊन बघून यावं म्हणतो, ती खांदे कसे पाडते.